रात्री जागं कोण असतं? नाशिकमधल्या एका वृद्धनिवासाच्या निवडीचं प्रकरण

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. वय ७४, सात वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. काकू ७० च्या. गेल्या वर्षी काकांना पलंगावरून उठवताना त्यांच्या पाठीत अशी कळ गेली की आठ दिवस त्यांना कुशीवरही वळता येईना. एक्स-रे काढला तर मणका दबलेला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा हिंजवडीला नोकरीत, मुलगी सासरी जळगावला. मी फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षे आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे व्यायाम घ्यायला जात होते. हे प्रकरण मी जवळून पाहिले आणि काही ठिकाणी त्यात माझाही हात आहे. कोणाचे नाव आणि कोणत्या घराचा नेमका पत्ता देत नाही.

मणका दबल्यानंतर, घरी रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून रात्रीची बाई लावली. चार महिन्यांत तीन बायका बदलल्या. तिसरी सोडून गेली त्याच आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमारास, पलंग आणि बाथरूमच्या मधल्या जागेत काका खाली बसले. पडले असे म्हणता येणार नाही, पाय जागच्या जागी गोठले आणि ते हळूहळू घसरत खाली आले. काकूंना त्यांना उचलता येईना. शेजारी गावाला गेलेले. मुलाला फोन करून पुण्याहून तो काय करणार, म्हणून त्यांनी फोनही केला नाही. एक चादर काकांवर टाकली, एक स्वतःच्या अंगावर घेतली आणि भिंतीला टेकून त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. साडेपाचला दूधवाला आला तेव्हा त्याने काकांना उचलून पलंगावर ठेवले. जानेवारी होता. त्या दिवसांत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि फरशी बर्फासारखी होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, मला दमल्याचं काही नाही. पण तीन तास हे थंडीत बसले आणि मला काही करता आलं नाही, ते डोक्यातून जात नाही."

मुलगा शनिवारी आला आणि वृद्धनिवासाचा विषय निघाला. काकू आधी बोलल्याच नाहीत. मग त्यांनी एकच अट घातली: मी इथेच माझ्या घरात राहणार, आणि रोज बसने जाऊन यांना भेटता येईल असे ठिकाण असेल तरच. मुलाला ही अट अडचणीची वाटली. त्याच्या मनात आईवडील दोघांनी एकत्र राहावे असे होते, तेही शक्यतो पुण्याजवळ. मला मात्र ती अट फार मोलाची वाटली, आणि पुढे ती तशीच ठरली.

आधी आजाराची गरज लिहून काढली

वृद्धनिवास पाहायला निघालेली बहुतेक कुटुंबे इमारत बघतात. बाग आहे का, जेवण कसे, टीव्ही किती मोठा. आम्ही घरे पाहण्याआधी काकूंच्या डायनिंग टेबलावर बसून काकांचे चोवीस तास कागदावर मांडले. पार्किन्सन्समध्ये हे फार गरजेचे असते, कारण हा आजार घड्याळावर चालतो.

काकांना लेव्होडोपाच्या, म्हणजे मेंदूत कमी पडणारे डोपामाइन भरून काढणाऱ्या, गोळ्या दिवसातून चार वेळा: सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७. गोळी पोटात गेल्यावर तिचा अंमल चढतो, काही तास टिकतो आणि मग उतरतो. अंमल असेल तेव्हा काका चालतात, शर्टाची बटणे स्वतः लावतात, प्रेसमधल्या गोष्टी सांगतात. उतरला की तेच काका खुर्चीतून उठू शकत नाहीत. गोळी अर्धा तास उशिरा दिली तर पुढचा सगळा दिवस सरकतो. शिवाय ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी द्यायची, कारण डाळ, दूध, अंडे यांतल्या प्रथिनांबरोबर घेतली तर आतड्यातून नीट शोषली जात नाही. आता "सकाळची सगळ्यांची औषधं नाश्त्यानंतर नऊला" असा शिरस्ता असलेल्या घरात काकांचे काय होईल हे सांगायला डॉक्टर नको.

दुसरे, रात्र. संध्याकाळच्या गोळीचा अंमल मध्यरात्रीपर्यंत ओसरलेला असतो. लघवीला दोन-तीनदा उठावे लागते. अंधारात, अंग ताठलेले असताना, दाराच्या चौकटीपाशी पाय गोठतात. म्हणजे काकांचे पडणे दिवसाचे नव्हते, रात्रीचे होते. काकू दमल्या त्याही रात्रीमुळेच. दिवसभराची सोबत, भजन, वाढदिवसाचा केक हे सगळे चांगले असेल, पण या कुटुंबाला घर हवे होते ते रात्री आठ ते सकाळी सातसाठी. मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिले: रात्री जागं कोण असतं?

मुलाने विचारले, "मॅडम, सरकारचं काही लायसन्स नसतं का? ते बघून घेतलं की झालं." प्रश्न रास्त होता. पण हॉटेलला किंवा हॉस्पिटलला असते तशी एकच पाटी इथे नसते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात मुलांची जबाबदारी, प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरचे न्यायाधिकरण, निराधारांसाठी सरकारी वृद्धाश्रम हे येते. निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने २०१९ मध्ये नमुना मार्गदर्शक तत्त्वे काढली. भिंतीला दांड्या, न घसरणारी फरशी, व्हीलचेअर जाईल अशी दारे हे त्यात आहे. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवता येते, नर्स असेल तर नर्सिंग कौन्सिलची. हे सगळे कागद मागावेत, आम्हीही मागितले. पण रात्री अडीचला बेल वाजवल्यावर कोण येईल हे यातला एकही कागद सांगत नाही. ते स्वतः जाऊन बघावे लागते.

पहिले घर

गंगापूर धरणाच्या दिशेला, तीन मजली, नवे कोरे. चाळीसेक ज्येष्ठ राहतात. लिफ्ट, बाग, छोटे मंदिर, जेवणाचा प्रशस्त हॉल. महिना ३८ हजार, ठेव तीन लाख. मुलाला बघताक्षणी आवडले. स्वच्छता खरोखर चांगली होती आणि दुपारच्या जेवणातली भाकरी गरम होती. माहिती देणाऱ्या बाई अदबशीर, कुठल्याही प्रश्नाला न कंटाळणाऱ्या.

रात्री किती माणसे असतात असे विचारले तेव्हा उत्तर आले, "आमच्याकडे चोवीस तास स्टाफ असतो." मी पुन्हा विचारले, किती? "पुरेसा असतो." ऑफिसच्या भिंतीवर ड्युटीचा तक्ता होता. त्यात रात्रीच्या रकान्यात दोन नावे. तीन मजले, चाळीस माणसे, दोघे जण, आणि त्यातला एक फाटकावरचा रखवालदार.

आम्ही परवानगी घेऊन रात्री पुन्हा गेलो. त्यांनी नाही म्हटले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीच्या बाथरूममध्ये लाल दोरी होती, ओढली की बेल वाजते अशी. नऊ चाळीसला मी ती ओढली आणि घड्याळ लावले. खाली कुठेतरी दूर बारीक पीं-पीं ऐकू येत होते. पाच मिनिटे झाली. मुलगा दारात उभा राहून कॉरिडॉर बघत होता. आठ मिनिटे झाली. अकराव्या मिनिटाला आम्हीच खाली गेलो. बेलचा बोर्ड ऑफिसात होता, बोर्डावर आमच्या खोलीचा दिवा लुकलुकत होता आणि ऑफिसला नऊ वाजता कुलूप लागलेले होते. काचेतून तो दिवा आम्हाला दिसत होता. मुलगा त्या काचेसमोर बराच वेळ उभा राहिला.

जिन्याच्या तळाशी ओढायचा जाळीचा दरवाजा होता, त्यालाही कुलूप, किल्ली रखवालदाराच्या खिशात. विस्मरणाचे रुग्ण बाहेर जाऊ नयेत म्हणून लावतो म्हणाले. कारण समजण्यासारखे आहे. पण रात्री आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही, आणि चाळीस म्हातारी माणसे त्या एका खिशातल्या किल्लीवर अवलंबून राहतील. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचे असते. त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. त्यांनी फाइल दाखवली. शेवटचे प्रमाणपत्र दीड वर्षापूर्वीचे होते.

एवढी सुंदर इमारत आणि बेलचा बोर्ड कुलपाआड. मला याचा राग आला आणि अजूनही येतो. बोर्ड कॉरिडॉरमध्ये हलवायला एक इलेक्ट्रिशियन आणि एक दुपार पुरली असती.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही जेमतेम वीस मिनिटे होतो. तिथल्या साहेबांनी सांगितले, "आमच्याकडे आजवर कोणी पडलंच नाही." स्वयंपाकघर दाखवायला नकार मिळाला. परत निघालो.

बंगल्यातले घर

तिसरे ठिकाण पाथर्डी फाट्याच्या बाजूला, एका जुन्या बंगल्यात. चौदा माणसे. चालवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सासूबाईंची सेवा केली आणि नंतर हे काम सुरू केले. महिना २६ हजार, डायपर आणि औषधे वेगळी, ठेव एका महिन्याची. आम्ही मुद्दाम न सांगता संध्याकाळी साडेसहाला गेलो. ही वेळ मी नेहमी निवडते. दिवसपाळी निघण्याच्या घाईत असते, रात्रपाळी आलेली नसते, स्वयंपाक चालू असतो आणि विस्मरणाच्या रुग्णांची चलबिचल नेमकी याच वेळी वाढते. घर कसे आहे ते तेव्हा कळते.

बाहेरून पाहिले तर घर यथातथाच. एका खोलीत लघवीचा वास होता. भिंतीला ओल. बाथरूमला चार इंचांचा उंबरा, आणि काकांसारख्या माणसाला चार इंच म्हणजे डोंगर. सोलरचे पाणी नळाला थेट आलेले. मी पिशवीतला स्वयंपाकाचा थर्मामीटर धरला, ६२ अंश. साठ अंशांचे पाणी म्हातारीच्या पातळ कातडीला चार-पाच सेकंदांत भाजते. हे मी जागेवरच सांगितले. बाई म्हणाल्या, "आम्ही बादलीत विसण घालूनच देतो." मी म्हटले, एखाद्या आजोबांनी स्वतः नळ सोडला तर? त्या गप्प झाल्या आणि वहीत लिहून घेतले.

मग मी पडण्याच्या नोंदी मागितल्या. त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. सहा महिन्यांत नऊ नोंदी. प्रत्येकीत तारीख, वेळ, कुठे पडले, कोणी पाहिले, बीपी किती, नातेवाइकांना फोन किती वाजता. एका आजींची दोनदा नोंद होती, दोन्ही पहाटे चारच्या आसपास. दुसऱ्या नोंदीखाली वेगळ्या शाईत लिहिले होते: 'बीपीची रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी केली.' त्यानंतर त्या आजींची नोंद नव्हती.

मुलगा गाडीत म्हणाला, "नऊ वेळा पडलेत, मॅडम. आणि आधीच्या ठिकाणी तर कोणी पडलंच नाही." मी त्याला सांगितले, चौदा वयस्क माणसे सहा महिने एका घरात राहतात आणि कोणीच पडत नाही असे होत नाही. जिथे पडत नाहीत तिथे लिहीत नाहीत. आणि जिथे लिहितात तिथे कोणीतरी पहाटे चारची वेळ दोनदा बघून विचार करते.

सिस्टर नोंदणीकृत होत्या, जीएनएम ही नर्सिंगची पदविका झालेल्या. हे मी कागद बघून सांगते, कारण आपल्याकडे पांढरा कोट घातलेल्या कोणालाही सिस्टर म्हणायची पद्धत आहे. औषधे स्टीलच्या छोट्या वाट्यांत, वाटीला नावाची चिठ्ठी. वेळा ८, २, ८. काकांच्या चार वेळांचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहून द्या, मोबाईलला गजर लावते. एका आजोबांचं इन्सुलिन असतं, त्याचाही लावलाय." आणि त्यांनी तो गजर दाखवला.

रात्री जागं कोण असतं? उत्तर सरळ आले. एक सिस्टर आणि एक मावशी. सिस्टर कॉरिडॉरमधल्या कॉटवर पाठ टेकतात, अकराला आणि चारला फेरी, बाकी हाक आली की उठतात. म्हणजे पूर्ण जागे कोणी नसते. आदर्श नाही. पण खोटेही सांगितले नाही. त्या कॉटपासून काकांच्या होणाऱ्या खोलीचे दार मी पावलांनी मोजले, नऊ पावले.

पुढच्या आठवड्यात त्यांना आधी सांगून रात्री अकराला गेलो. फेरी चालू होती. मावशी एका आजींची कूस बदलत होत्या आणि बदलताना "आई, भिंतीकडं तोंड करू का दाराकडं?" असे विचारत होत्या. आजींना उत्तर देता येत नव्हते. मावशी क्षणभर थांबल्या, चेहरा बघितला आणि दाराकडे तोंड करून उशी लावली. ही कोणत्या तपासणी यादीत बसवायची गोष्ट? मी मात्र त्यानंतर मुलाला म्हटले, इथे बोलणी करूया.

बोलणी

काकूंच्या बसचा प्रश्न आधी सोडवला. नाशिकरोडहून सिटीलिंकच्या बसने, एकदा बदलून, त्या पोहोचू शकत होत्या. भेटीच्या वेळांची पाटी दारावर होती, ४ ते ६. आम्ही मागितले की काकूंना कोणत्याही वेळी येऊ द्यावे, न सांगता. बाई थोड्या थबकल्या आणि हो म्हणाल्या. माझ्या मते संपूर्ण करारातले हे सगळ्यात महत्त्वाचे वाक्य. रोज वेगळ्या वेळी दारात उभी राहणारी बायको ही कुठल्याही खात्याच्या तपासणीपेक्षा भारी असते, आणि चांगल्या घराला तिची भीती नसते.

मग उंबरा. चार इंचांना नीट रॅम्प करायचा तर उंचीच्या बारा पट लांबी हवी, म्हणजे चार फूट, आणि एवढी जागाच नव्हती. म्हणून उंबरा फोडून आतल्या फरशीचा उतार बदलला आणि दारात पाणी अडवायला जाळीची पन्हळ बसवली. नऊ हजार खर्च आला, निम्मा कुटुंबाने दिला. कमोडजवळ भिंतीत स्क्रूने पक्की केलेली दांडी बसवली. रबरी चकतीने टाइलला चिकटणाऱ्या दांड्या मिळतात, त्या माणसाच्या वजनाने निघून येतात, त्या कधीच घेऊ नयेत. सोलरच्या नळाला मिक्सर बसला. बेल नव्हती, तर दाराला लावतात ती साधी वायरलेस बेल आणली, बटण पलंगाच्या कडेला दोरीने बांधले आणि ठोकळा सिस्टरच्या कॉटच्या डोक्याशी. पलंगाच्या पायांखाली लाकडी गुटके घालून उंची काकांच्या गुडघ्याएवढी केली. रात्रीपुरती कमोड खुर्ची पलंगाशेजारी.

आणि पट्ट्या. पार्किन्सन्समध्ये सपाट फरशीवर पाय गोठतो, पण समोर आडवी रेघ दिसली की तोच पाय ती ओलांडायला उचलला जातो. जिन्याच्या पायऱ्या चढणारा माणूस सपाट दारात अडतो, ते याचमुळे. काकूंनी हिरव्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा पलंगापासून बाथरूमपर्यंत स्वतः लावल्या, प्रत्येकी एक पाऊल अंतरावर. पाठ दुखत असताना खाली बसून लावल्या, मला लावू दिल्या नाहीत.

करारात आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या. पंधरा दिवस ठेवीशिवाय राहून बघायचे. पुढे काका अंथरुणाला खिळले तरी केवळ त्या कारणाने घर सोडायला सांगायचे नाही, खर्च वाढला तर बसून ठरवायचा. आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली तर घरचे येईपर्यंत घरातले एक माणूस सोबत थांबेल. तिसऱ्या कलमावर बाई अडल्या, कारण रात्री दोनच माणसे. शेवटी ठरले की त्या स्वतः येतील, त्या दहा मिनिटांवर राहतात. कुठल्या हॉस्पिटलला न्यायचे तेही ठरवले आणि मुलाने तो रस्ता दोनदा गाडी चालवून पाहिला. दुपारी चौदा मिनिटे, संध्याकाळी सातला मुंबई नाक्याच्या गर्दीतून एकतीस. सिंहस्थाच्या दिवसांत शहरात रस्ते बंद होतात, वाहने वळवतात. २०१५ ला ते सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून त्या काळासाठी शहरात शिरावे न लागणारे दुसरे हॉस्पिटलही लिहून ठेवले. १०८ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन नंबर मोठ्या अक्षरांत दाराच्या आत चिकटवले.

मुलाच्या मनात नाशिकरोडचा फ्लॅट विकण्याचे होते. मी त्याला विरोध केला, माझा अधिकार नसतानाही. काकूंचे ते घर आहे, आणि परतायला जागा असेल तरच माणूस नव्या जागेबद्दल खरे बोलतो. फ्लॅट राहिला.

चौथा आठवडा

पंधरा दिवस बरे गेले. फरशी पुसणाऱ्या मुलीने एकदा पट्ट्या खरवडून काढल्या, तिला त्या चिकटलेला कचरा वाटल्या. काकूंनी पुन्हा लावल्या आणि तिला कारण समजावले. ठेव भरली.

पंचविसाव्या दिवशी काकू अकराच्या बसने पोहोचल्या आणि मला फोन आला. "अगं, यांची हनुवटी छातीला लागलीय. चहा ओठातून बाहेर येतोय." मी गेले. काका खुर्चीत दगडासारखे. मनगट फिरवून पाहिले तर दात्यांच्या चाकासारखे अडत-अडत फिरत होते, दोन वर्षांत मी त्यांना एवढे ताठ पाहिले नव्हते. मला आधी वाटले गोळ्या चुकल्या. वही मागितली. चारही वेळांपुढे सह्या, मिनिटांसकट. मग त्याच पानावर खाली दिसले: 'जळजळ, मळमळ. डॉक्टरांना फोन. पित्ताची कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी १.' चार दिवसांपासून.

पाकीट मागवून मागची बारीक अक्षरे वाचली. रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड. आपल्याकडे ॲसिडिटीसाठी ही जोडगोळी सर्रास दिली जाते. त्यातले लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामाइनच्या जागा अडवते, म्हणजे लेव्होडोपा जे काम करते त्याच्या थेट उलट. धडधाकट म्हाताऱ्या माणसालाही त्याने कंप सुरू होऊ शकतो, पार्किन्सन्सवाल्याला तर ते द्यायचेच नसते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि रात्री बडबड करणाऱ्याला देतात ते हॅलोपेरिडॉल याच पंगतीतली. काकांच्या न्यूरोलॉजिस्टना फोन केला. त्यांनी कॅप्सूल लगेच थांबवली आणि गिळण्याचा त्रास कमी होईपर्यंत पातळ पदार्थ दाट करून, काकांना बसवून, मान पुढे झुकवून भरवायला सांगितले. ताठरपणा उतरायला आठ-नऊ दिवस लागले. त्यातले पहिले तीन दिवस काकू घरी गेल्याच नाहीत, खुर्चीत झोपल्या.

चूक कोणाची याचा मी नीट विचार केला. फोनवर औषध सांगणाऱ्या डॉक्टरांनी आजार विचारला नाही. सिस्टरनी सांगितला नाही. आणि ज्या औषधांना हात लावायचा नाही त्यांची यादी मी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. वेळा लिहून दिल्या, दांड्या बसवल्या, पट्ट्या लावल्या, आणि ही एक यादी राहिली. ती मला माहीत होती. काकांनी त्याची किंमत मोजली.

त्या दिवशी मुलगा संतापून पुण्याहून निघाला, वडिलांना तिथून हलवायचेच म्हणून. तो पोहोचायच्या आधीच बंगल्याच्या बाईंनी त्याला फोन केला होता. काय दिले, किती दिवस, कोणी सांगितले, सगळे तारखेसकट. काही झाकले नाही. तो आला तेव्हा वही टेबलावर उघडी होती आणि त्या पानाखाली घटनेची वेगळी नोंद लिहिलेली होती. त्याने ती दोनदा वाचली. मग विचारले, "हे पान लिहिलंच नसतं तर?" कोणी उत्तर दिले नाही. न लिहिलेल्या घरात आम्ही गोळ्यांचा डोस वाढवत बसलो असतो आणि कॅप्सूल चालूच राहिली असती.

काकांना हलवले नाही. निषिद्ध औषधांची यादी लाल शाईत तीन ठिकाणी लावली: फाइलच्या पहिल्या पानावर, औषधांच्या कपाटाच्या दाराच्या आत, आणि दवाखान्यात जाताना सोबत न्यायच्या पिशवीत. घराने नियम केला की फोनवर नवे औषध सांगितले गेले तर आधी आजार आणि चालू गोळ्या वाचून दाखवायच्या, मगच नाव लिहून घ्यायचे. हा नियम त्यांनी चौदाही जणांना लावला.

पाच महिन्यांनी

मी अजून आठवड्यातून एकदा जाते. लघवीच्या वासाची खोली आता बरी आहे, भिंतीची ओल तशीच. काकांचे वजन दीड किलोने वाढले. पडण्याच्या वहीत त्यांच्या नावाची एक नोंद झाली, दिवसा, अंगणात, खरचटण्यापुरती. रात्रीची एकही नाही. बेल मात्र रात्री दोनदा-तीनदा वाजते, सिस्टर येतात, मावशी धरतात, कमोड खुर्चीवर बसवून पुन्हा झोपवतात. जेवण काकांना अळणी लागते आणि ते तसे स्पष्ट सांगतात. करमत नाही असेही सांगतात. ते कोणत्या दांडीने सुटणार? काकू रोज येतात, तेवढा वेळ करमते.

मागच्या गुरुवारी मी न सांगता सात वाजता गेले. सुरगाण्याकडची एक नवी मावशी लागली होती, कामाला आठ दिवस झालेली. सिस्टरच्या फोनचा गजर वाजला, वाटी आली, काकांनी गोळी घेतली. पाऊण तासाने त्यांना जेवायला न्यायचे होते. बाथरूमच्या दारापाशी त्यांचा पाय थांबला. मावशीने दंड ओढला नाही, घाई केली नाही. ती त्यांच्या बाजूला उभी राहून खाली बोट दाखवत म्हणाली, "काका, हिरवीवर पाय." पाय उचलला गेला. काकूंनी ते पाहिले, पिशवी खांद्याला लावली आणि बस चुकू नये म्हणून निघाल्या.